पांढऱ्या आकाशातली सायकल

"सूनबाई, माझं नाक दिसायला लागलं का?"

अण्णांनी दारातून डोकं आत घालून विचारलं, तेव्हा सूनबाई स्कॅनरच्या काचेवरची धूळ मऊ ब्रशने झटकत होती. सकाळपासून त्यांच्या अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या. आधी कपाळाची चौकशी झाली, मग हनुवटीची. आता पाळी नाकाची होती.

"अजून फिल्म लावतेच आहे, अण्णा."

"लाव, सावकाश लाव. घाई कसलीच नाही." अण्णा वळले, चार पावलं गेले आणि परत आले. "फक्त उद्या संध्याकाळी पडदा उघडायचाय, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं."

ध्यानात न ठेवायची सोयच नव्हती. सायकल मंडळाचं नवं सभागृह बांधून तयार होतं आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर अण्णांचा फोटो लागणार होता. साधासुधा नव्हे, भिंतभर! ऐन तारुण्यात अण्णांनी मंडळाची मोठी शर्यत जिंकली होती. ते शेवटच्या रेघेजवळ येत असताना मंडळाच्या फोटोग्राफरने कळ दाबली आणि सासरे अमर झाले. त्या फोटोची तळहाताएवढी प्रत दिवाणखान्यात टांगलेली होती. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाच्या आधी तिच्यासमोर उभा केला जाई.

"मागे पुलाचा काळोख, पुढे नुसतं आकाश!" अण्णा हात पसरून सांगत. "माझ्यापुढे चिटपाखरू नव्हतं!"

अडचण एवढीच होती की फोटोत अण्णासुद्धा जवळजवळ नव्हतेच. भर दुपारचं टळटळीत ऊन आणि पुलाची दाट सावली यांच्या कात्रीत ती फिल्म सापडली होती. जे काळं होतं ते काळंठिक्कर झालं होतं, जे पांढरं होतं ते पांढरंफटक. अण्णा नेमके काळ्याच्या वाट्याला गेले होते. एक वाकलेली पाठ, एक चाक, एक टोपी, आणि टोपीखाली चेहऱ्याच्या जागी डांबर. पाहुणे डोळे बारीक करून बघत आणि भीतभीत विचारत, "हे... तुम्हीच का?"

मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून मास्तर म्हणत, "टोपी घातली की कुणीही असू शकतं."

मास्तर अण्णांचे जिवलग मित्र. शाळेत व्यायाम शिकवायचे, म्हणून मास्तर. त्याच शर्यतीत ते दुसरे आले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते अण्णांकडे चहाला येत आणि तो पराभव बिस्किटासारखा चहात बुडवून बुडवून खात.

आता मंडळाच्या कपाटात त्या फोटोची मूळ निगेटिव्ह सापडली होती आणि तिच्यातून अण्णांचा चेहरा बाहेर काढायची कामगिरी सूनबाईवर आली होती. ती इस्पितळात एक्स-रे विभागात काम करायची. "पोराने गिळलेलं बटण पोटात कुठे आहे ते सांगते ती," अण्णांनी मंडळाच्या अध्यक्षांना छाती फुगवून सांगितलं होतं, "टोपीखालचं नाक काय घेऊन बसलात!"

खरं सांगायचं तर सूनबाईलाही हुरूप आला होता. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. फोटोतली सावली फिल्मवर काचेसारखी आरपार असते आणि फोटोतलं ऊन फिल्मवर काळं कुट्ट. स्कॅनरचा दिवा सावलीसाठी बेताचा ठेवला तर उन्हाचा भाग त्याला भेदता येत नाही; उन्हासाठी वाढवला तर सावली धुऊन निघते. म्हणून तिने सरळ हिशेब केला होता : एकच चौकट दोनदा स्कॅन करायची, एकदा सावलीसाठी आणि एकदा उन्हासाठी, आणि मग कॉम्प्युटरवर दोन्हींतलं चांगलं तेवढं एकत्र करायचं.

पहिला स्कॅन झाला. तिने सावलीचा भाग निवडला आणि स्क्रीनवरची उजेडाची रेघ खालच्या टोकाला धरून हळूहळू वर उचलली. काळोख फिकट झाला. पुलाच्या विटा दिसू लागल्या. मग टोपीची कड. आणि विहिरीतून बादली वर यावी तसा टोपीखालून एक चेहरा वर आला. कपाळ, भुवया, ताणलेले डोळे, आणि—

"अण्णा! नाक आलं!"

अण्णा धावतच आले. त्यांच्यामागून हात पुसत सासूबाई आल्या, म्हणजे माई. अण्णा स्क्रीनसमोर उभे राहिले आणि स्वतःच्याच पंचविशीतल्या तोंडाकडे बघत राहिले.

"बघितलंस?" शेवटी ते माईंना म्हणाले.

"बघितलं. नाक तेच आहे," माई म्हणाल्या. "आणि पुढचं?"

"पुढचं काय? पुढे आकाश!"

"बरं," म्हणून माई स्वयंपाकघरात गेल्या. अण्णा मास्तरांना फोन करायला पळाले. "या उद्या! या आणि बघा टोपीखाली कोण आहे ते!" त्यांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

इथे कुठलाही शहाणा फोटोग्राफर थांबला असता. आकाश पांढरं, तर पांढरं. पण एक्स-रेवाल्यांना एकसारखा रंग सहन होत नाही. जिथे काहीच दिसत नाही तिथे काहीतरी राहून गेलं असणार, अशी त्यांना रास्त शंका येते. इस्पितळात फिल्मचा फार काळा भाग बघायला एक प्रखर दिवा असतो. सूनबाईने घरातला वाचायचा दिवा पालथा केला, निगेटिव्ह त्याच्यासमोर धरली आणि आकाशाच्या काळ्या कुट्ट पट्ट्यात डोळा घातला.

अण्णांच्या पुढे, बरोबर पुढे, एक धूसर ठिपका होता.

तिला वाटलं धूळ. तिने फिल्म पुसली. ठिपका जागचा हलला नाही. मग तिने दिव्याचा जोर वाढवून दुसरा स्कॅन केला, पांढऱ्या भागावरची रेघ खाली ओढली, आणखी ओढली. दुधावर साय धरावी तसं पांढऱ्यात काहीतरी जमू लागलं. आधी एक वर्तुळ, मग दुसरं. मग एक कोपर.

तिने नवऱ्याला हाक मारली. "इकडे ये. आणि दार लावून घे."

"काय झालं? फिल्म फाटली?"

"फाटली असती तर बरं होतं. हे बघ."

नवऱ्याने पाहिलं. "ढग आहे."

"ढगाला चाकं असतात?"

"मग डाग आहे."

"डागाला वेणी असते?"

नवरा खुर्चीत बसला. स्क्रीनवर आता शंकेला जागा उरली नव्हती. पांढऱ्या कपड्यांतली एक तरुण मुलगी, पाठीवर उडती वेणी, पुढे टोपली लावलेल्या साध्या सायकलवर जिवाच्या आकांताने पेडल मारत होती. तिचं पुढचं चाक शेवटच्या रेघेवर होतं आणि अण्णा अजून पुलाच्या सावलीतून पुरते बाहेरही आले नव्हते.

"म्हणजे अण्णा..."

"दुसरे."

"हळू बोल!" नवऱ्याने दाराकडे पाहिलं. "आणि ही कोण?"

"ते मी कसं सांगू? मी फक्त दिसतं ते सांगते. निदान डॉक्टर करतात."

दारावर थाप पडली. "दार का लावलंय? नाकाला काही झालं का?"

"नाही अण्णा! स्क्रीनवर उजेड येतो!"

"अगं येऊ दे की! काळोख घालवायचाच तर खटाटोप चाललाय!"

पावलं दूर गेल्यावर नवरा कुजबुजला, "पुसून टाक. क्षणाचं काम. बाजूच्या आकाशाचा एक तुकडा उचल आणि हिच्यावर चिकटव. तूच मला शिकवलंयस."

"पुसायचं नाही."

"का?"

"फिल्मवर जे आहे ते पुसायचं नसतं. आमच्याकडे असं कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसतो."

"ही काय रुग्णाची फिल्म आहे?"

"फिल्म ती फिल्म."

"अगं, उद्या तिथे सगळं मंडळ बसणार! मास्तर बसणार! अण्णांकडे दुसरं आहे काय? एक पेन्शन आणि एक पहिला नंबर!"

अण्णांचं मघाचं तोंड तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ती थोडा वेळ नखं चावत बसली आणि मग तिला एक मधला मार्ग सापडला. कॉम्प्युटरवर असा फोटो थराथरांनी रचतात, गादीवर एकावर एक चादरी घालाव्यात तसा. अशा प्रत्येक चादरीला लेयर म्हणतात आणि प्रत्येक लेयरपुढे एक छोटा डोळा काढलेला असतो. डोळा मिटला की तो लेयर असून नसल्यासारखा. सायकलवाली मुलगी उन्हाच्या लेयरवर होती. सूनबाईने त्याचा डोळा मिटला. मुलगी गेली, वेणी गेली, टोपली गेली. उरलं ते अण्णांचं हक्काचं, कोरं, पांढरं आकाश.

"पुसलं नाही, झाकलं," ती म्हणाली. शास्त्रही शाबूत आणि सासरेही.

फोटो छापणाऱ्या दुकानाने निरोप दिला होता : फाइल लेयरसकट पाठवा, मोठ्या प्रिंटला थोडंफार जुळवून घ्यावं लागतं. तिने लेयरसकट पाठवली. डोळा मिटलेला आहे ना, हे तीनदा बघितलं आणि मगच कळ दाबली. तो फोटो दुकानातून थेट सभागृहात जाऊन भिंतीवर चढणार होता. वरून पडदाही तेच लोक लावणार होते.

रात्री जेवताना माई सहज म्हणाल्या, "आकाशाचंही काही केलंस का गं?"

सूनबाईला ठसका लागला. "आकाश... आकाश आहे तसंच ठेवलं, माई."

"बरं," माई म्हणाल्या आणि भांडी उचलू लागल्या.

दुसऱ्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. रंगाचा वास अजून गेला नव्हता. म्हाताऱ्या सायकलपटूंनी एकमेकांच्या पाठीवर इतक्या जोरात थापा मारायला सुरुवात केली होती की मधूनमधून कुणीतरी खोकत होतं. मास्तर पहिल्या रांगेत चष्मा पुसून तयार होते. व्यासपीठामागची भिंत निळ्या पडद्याखाली झाकलेली होती. पडद्याची दोरी ओढायचा मान माईंचा होता, म्हणून त्या दोरीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. अण्णा नवा सदरा घालून इकडून तिकडे फिरत होते आणि भेटेल त्याला आपलं नाक जवळून दाखवत होते, म्हणजे लोकांना नंतर ताडून बघता येईल.

सूनबाईला मात्र चैन पडेना. इस्पितळात एक्स-रे डॉक्टरांकडे जायच्या आधी ती एकदा स्वतः बघायची. इथे तिने प्रिंट पाहिलीच नव्हती. ती दाराबाहेर गेली आणि तिने दुकानात फोन लावला.

"एक नंबर झालाय फोटो, ताई!" दुकानदाराला तिच्याहून जास्त उत्साह होता. "तुमचा एक लेयर मात्र बंद राहिला होता."

"मग?"

"मग काय, चालू केला! आमचा नियमच आहे. लोक घाईत डोळा मिटून ठेवतात आणि छापून झाल्यावर भांडायला येतात. म्हणून आम्ही सगळे लेयर चालू करूनच छापतो. ती पुढची सायकलवाली जरा पुसट होती हो, मी चांगली ठळक करून दिली. आता तिच्या वेणीचे पेड मोजून घ्या!"

सूनबाई धावत आत आली. व्यासपीठावर अण्णांनी माइक हातात घेतला होता. तिने नवऱ्याचा दंड पकडला. "लेयर चालू केला! वेणीचे पेड मोजता येतात!"

"कुणाचे पेड?"

"तिचे! पडदा थांबव!"

नवऱ्याने विजेच्या बटणांकडे झेप घेतली. दिवे घालवले तर कार्यक्रम थांबेल, असा त्याचा विचार होता. त्याने पहिलं बटण दाबलं. माइक बंद पडला. अण्णांना माइकची कधीच गरज नसते, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी माइक खाली ठेवला आणि आवाज दुप्पट केला. त्याने दुसरं बटण दाबलं. खास त्या प्रसंगासाठी भाड्याने आणलेला मोठा दिवा लागला आणि त्याचा झोत बरोबर पडद्यावर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मागे पुलाचा काळोख!" अण्णांचा आवाज छताला लागला होता. "आणि मंडळी, पुढे..."

सूनबाई व्यासपीठाच्या कडेकडेने माईंच्या खुर्चीमागे पोचली आणि गुडघ्यांवर बसली.

"माई, दोरी ओढू नका."

"का गं?"

"फोटोत जास्तीचं काहीतरी आलंय."

"काय आलंय?"

"एक बाई. सायकलवर. अण्णांच्या पुढे."

माईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. त्यांना धक्का बसेल, त्या घाबरतील, असं सूनबाईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"वेणी आहे तिला?" माईंनी विचारलं.

"आहे."

"आली का बया एकदाची!" माई म्हणाल्या आणि त्यांनी दोरी ओढली.

"पुढे नुसतं आकाश!" अण्णा गरजले. "माझ्यापुढे चिटपाखरू—"

पडदा सर्रकन बाजूला गेला. भाड्याच्या दिव्याच्या झोतात भिंतभर फोटो उजळला. एका टोकाला पुलाखाली अण्णा होते, कपाळ-हनुवटीसकट. दुसऱ्या टोकाला ती होती. दुकानदाराने खरोखरच मन लावून काम केलं होतं. तिच्या चपलेचा पट्टासुद्धा दिसत होता.

मग मास्तर उठले, व्यासपीठाच्या पायऱ्या चढले, फोटोच्या जवळ गेले आणि त्यांनी त्या मुलीच्या मागच्या चाकावर बोट ठेवलं.

"हे चिटपाखरू कोण?"

अण्णांनी मागे वळून पाहिलं. त्यांचा पसरलेला हात तसाच हवेत राहिला.

"दुसरा!" मास्तरांना आनंद आवरेना. त्यांनी व्यासपीठावरच एक गिरकी घेतली. "मंडळी, हा दुसरा! इतकी वर्षं याच्या घरी चहा पितोय, इतकी वर्षं ऐकून घेतोय, आणि हा दुसरा! एका बाईच्या मागे! टोपलीवाल्या सायकलच्या मागे! अरे, हा दुसरा, तर मग मी..."

ते थांबले. त्यांनी बोटं मोजली.

"तिसरे," सूनबाईच्या तोंडून निघून गेलं. दिसतं ते सांगायची सवय वाईट.

"तिसरा?" मास्तरांचा चेहरा पडला. "तिसरा कसा? माझ्या घरी दुसऱ्या नंबरचा कप आहे! सून, नातवंडं, सगळ्यांना मी..." ते गर्रकन अध्यक्षांकडे वळले. "अध्यक्ष, हे चालणार नाही! अण्णा पहिलाच! मी साक्षीदार आहे! पुलाखाली मी याच्या मागेच होतो, मला याच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं! पहिला म्हणजे पहिला!"

अध्यक्षांनी चष्मा चढवला, उतरवला आणि पुन्हा चढवला. अण्णा मात्र खुर्चीत बसले. नव्या सदऱ्याच्या आत ते एकदम लहान दिसायला लागले. विजेच्या बटणांपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याने सूनबाईकडे असं पाहिलं की तिला वाटलं, भिंत दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

तेवढ्यात माई उठल्या आणि माइक बंद आहे हे माहीत नसल्यामुळे तो तोंडाशी धरून, पण सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ती मी आहे."

"कोण?" अध्यक्ष म्हणाले.

"ती. वेणीवाली."

सगळ्या माना एकदम फोटोकडून माईंकडे वळल्या.

"माझी टंकलेखनाची परीक्षा होती हो," माई सांगू लागल्या. "उशीर झाला होता. बघते तर मोठा रस्ता दोऱ्या बांधून अडवलेला. मी गल्लीतून शिरले आणि पुलाच्या अलीकडे बाहेर निघाले. रस्ता रिकामा! म्हटलं, नशीबच फळफळलं. आणि मागून एकदम आरडाओरडा. वळून बघते तर काय, अर्ध्या चड्डीतली पंचवीस-तीस माणसं दात-ओठ खाऊन माझ्यावर येतायत! आणि सगळ्यांत पुढे टोपीवाला एक, तो तर हात करून माझ्यावर ओरडतोय!"

"बाजूला हो म्हणत होतो!" अण्णा खुर्चीतून उसळले.

"मला काय कळणार? मी जीव मुठीत धरून पेडल मारलं. दोन्ही बाजूंना माणसं उभी, वाचवायचं सोडून टाळ्या वाजवतायत! म्हटलं, कसलं हे गाव!"

पहिल्या रांगेत कुणीतरी हसू दाबायचा प्रयत्न केला; तो साधला नाही आणि मग सगळं सभागृहच फुटलं. अध्यक्ष टेबलावर डोकं टेकून हसत होते. अण्णा मात्र हसत नव्हते. ते माईंकडे टक लावून बघत होते.

"म्हणजे ती तू?"

"मग आणखी कोण?"

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"लग्न होऊन या घरात आले, तर भिंतीवर हा फोटो. तुम्ही म्हणालात, माझ्यापुढे चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, पहिल्याच दिवशी भांडण कशाला? दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज पाहुणे आहेत. मग राहूनच गेलं." माईंनी माइक या हातातून त्या हातात घेतला. "शिवाय मला वाटायचं, मी खरंच दिसले नाही तुम्हाला."

सूनबाई या वेळी फोटोकडे बघत होती. सावलीतून तिनेच वर काढलेला तो चेहरा आता भिंतीवर हातभर मोठा झाला होता. घरच्या स्क्रीनवर तिने नाक पाहिलं होतं; डोळे नीट पाहिले नव्हते. शर्यतीतला माणूस रेघेकडे बघतो, आणि रेघ तर खाली, रस्त्यावर होती. अण्णांचे डोळे रेघेवर नव्हते. तिने बोटाने हवेतच एक सरळ ओळ ओढली. ती अण्णांच्या बुबुळापासून निघाली आणि वेणीच्या टोकाला जाऊन टेकली.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्हाला दिसल्या होत्या."

लोकांनी फोटोकडे पाहिलं, मग अण्णांकडे. सुटकेची वाट उरली नव्हती.

"दिसली ना," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच माइक लागेल इतका खाली आला होता. "कशी नाही दिसणार? पुलापाशी माझा दम संपला होता. मास्तर मागे चिकटलेला. मी सोडूनच देणार होतो. तेवढ्यात गल्लीतून ही वेणी निघाली आणि सुसाट पुढे गेली. म्हटलं, टोपलीवाली सायकल मला मागे टाकते? तिला गाठायचं म्हणून जे पेडल मारलं, तेच शेवटचं. ती काही गाठता आली नाही. नंतर गर्दीत शोधली, तर गायब. आणि हे सांगणार कुणाला? कप परत घेतला असता लोकांनी!"

"आणि माझा चेहरा?"

"चेहरा कुठे बघितला? मला दिसली ती वेणी. तू लग्नात आलीस ती केस कापून."

"नोकरी लागल्यावर कापले. पुन्हा कुणाला पकडायला सापडू नयेत म्हणून."

अण्णांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. "मग परीक्षेचं काय झालं? पास झालीस?"

"पहिली आले. हात इतके थरथरत होते की बोटं आपोआपच भराभर पडली."

यावर जो हशा आणि ज्या टाळ्या झाल्या, त्या नव्या इमारतीला पहिल्यांदाच पेलाव्या लागल्या. सूनबाईच्या नवऱ्याने घाईघाईत पुन्हा एक बटण दाबलं, या वेळी पंखे सुरू झाले. अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक मागवलं आणि मोठ्याने निर्णय वाचून दाखवला : माईंनी शर्यतीत नाव दिलेलं नव्हतं, सुरुवातीच्या रेघेवर त्या नव्हत्या आणि त्यांच्या छातीवर क्रमांकही नव्हता. तेव्हा पहिले अण्णा, दुसरे मास्तर. फोटो मात्र आहे तसाच राहील, कारण एवढी मोठी भिंत रिकामी ठेवता येणार नाही.

मास्तरांनी हुश्श करून घाम पुसला. अण्णांना मात्र निर्णय ऐकायला वेळ नव्हता. त्यांनी दाराशी एक अनोळखी माणूस गाठला होता, त्याला हाताला धरून फोटोसमोर आणलं होतं आणि ते सांगत होते, "हा टोपीवाला मी. त्याचं सोडा. ही पुढची बघा! साधी सायकल, टोपलीत डबा, आणि आख्खी शर्यत मागे! आमची ही!"

"डबा नव्हता, पट्टी आणि पेन्सिली होत्या," माई मागून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई स्कॅनर आवरून ठेवत होती. तिने मनाशी ठरवलं होतं की यापुढे घरातला पांढरा रंग पांढराच राहू द्यायचा. इतक्यात दारात अण्णा उभे राहिले. त्यांनी आधी मागे वळून कुणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली, मग आत येऊन दार लावलं आणि सदऱ्याखालून एक पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"मंडळाच्या कपाटातून आणलाय," ते कुजबुजले. "यात मास्तरची एक निगेटिव्ह आहे. आयुष्यात एकदाच पहिला आला तो. जरा तुझा तो दिवा लाव आणि आकाशात कोण आहे बघ."

सूनबाईने निगेटिव्ह उजेडासमोर धरली. "अण्णा, ही गोळाफेक आहे. गोळाफेकीत पुढे कोण असणार?"

"काय सांगावं?" अण्णांनी खुर्ची ओढली आणि बाह्या सावरून स्क्रीनसमोर बसले. "एखादी बाई परीक्षेला निघाली असेल."